आभार मानायचे नाहीत

बॅलिनामोरच्या पुढे, जिथे रस्त्याच्या मधोमध गवत उगवतं,
तिथे फेलिमचं घर. दार हिरवं, कुत्रं एका डोळ्याचं.
फोनवर त्याने दोनच अटी सांगितल्या:
पैसे आणायचे नाहीत,
आणि निघताना आभार मानायचे नाहीत.
मानले की औषधाचा गुण जातो.

मागच्या सीटवर नूला. साडेचार वर्षांची.
हातांत सुती मोजे, मनगटाशी चिकटपट्टी,
तरी गुडघ्यामागची खाज ती सीटच्या कडेवर घासते,
गुरं कुंपणाच्या खांबाला घासतात तशी.
मी आरशात बघते आणि "नको खाजवू" म्हणत नाही.
तिच्या नावापेक्षा जास्त वेळा
मी हेच दोन शब्द उच्चारलेत.

आधी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही.
जुन्या मोज्यात ओट्स बांधून टबात सोडले.
स्लायगोच्या एका बाईने तळहातावर कुप्या ठेवून
हात दाबून पाहिला, म्हणाली, हिला टोमॅटो आणि चंद्र बाधतो.
चंद्राचं काय करायचं ते बोलली नाही. साठ युरो घेतले.
सासूबरोबर पवित्र विहिरीवर गेले, काटेरी झाडाला
नूलाच्या झबल्याची चिंधी बांधली.
चिंधी कुजेल तसा रोग सरेल, म्हणाली सासू.
पण झबलं पॉलिएस्टरचं होतं.
अजून तिथेच आहे चिंधी, गुलाबी, ठणठणीत.

दवाखान्यातली डॉक्टर वाईट नाही.
बोटाच्या पेराने मोजून मलम लावायला शिकवते,
यादी देते: दूध, अंडं, शेंगदाणे.
इंजेक्शनचं पेन कायम पर्समध्ये.
मी सगळं करते. पण रात्री तीन वाजता
आई म्हणजे नुसता एक कान असतो,
आणि भिंतीपलीकडे कुणीतरी
कागद फाडत असतं.

फेलिमने तिचे मोजे काढले.
ऐंशीच्या घरातला माणूस,
दलदलीतलं टर्फ कापून काळी पडलेली बोटं.
त्याने तिच्या कोपराच्या खळगीवर फुंकर घातली,
काहीतरी पुटपुटला. नूला हसली.
मग खिडकीतली बरणी उचलली. पिवळट. झाकणाऐवजी फडकं.

"ह्यात काय आहे?"
"ते सांगायचं नसतं."

आजीने त्याला सांगितलं होतं, मरायच्या आदल्या हिवाळ्यात.
तोही सांगेल कुणाला तरी, एकदाच,
आणि सांगितलं की त्याच्या हाताचा गुण गेला.
साठ वर्षं झाली. भाजलेले, नागीण उठलेले,
डोनेगलहूनसुद्धा येतात लोक.

मी पर्स छातीशी धरून उभी.
"दुधाने तिचा घसा सुजतो," मी म्हटलं.
"गेल्या ईस्टरला निळी पडली होती."

चुलीत टर्फ ढासळलं. कुत्रं आत आलं, बाहेर गेलं.
त्याने बरणीकडे पाहिलं, मग नूलाच्या ओठांकडे,
आणि टोपी काढली,
रस्त्याने कुणाची शवपेटी जाताना काढतात तशी.

"लोणी," तो म्हणाला. "बिनमिठाचं."
मग तीन झाडांची नावंही सांगितली,
थांबत थांबत, जशी बँकेतून काढलेली शेवटची रक्कम
कुणी मोजून हातात ठेवावी.
बरणी स्वतःच उचलून फळीवर मागे सरकवली.

मी मोजे परत चढवले, चिकटपट्टी दाताने तोडली.
दारात शब्द अगदी जिभेवर आला, गिळला.
त्याने ते पाहिलं. हसला.
"आता म्हणालीस तरी चालेल, पोरी.
आता जायला काही उरलं नाही."

गाडीत नूला मोज्यांच्या हातांनी बाही वर सारते,
स्वतःच्या कोपरावर फुंकर घालते, पुटपुटते,
पुन्हा खाजवते, पुन्हा फुंकर.
बॅलिनामोर येईपर्यंत तेच.

मी आभार मानले नाहीत.
काय सांगावं.