एका पानाची पंगत

सकाळी सहाला मंडईत
पानवाला विचारतो, "पूजा का बारसं?"
मी म्हणते, कोवळी द्या, कुठं चिरलेली नकोत.
"पंगत केवढी?"
एकाचीच. अकरा महिन्यांचा आहे.
तो हसतो, वर एक पान जास्त घालतो.

निहार गुंजाळ, पर्वती पायथा.
आकडी आली म्हणून औषध,
सतराव्या दिवशी ताप, मग ओठ, मग डोळे,
मग लंगोट बदलताना
आईच्या बोटांबरोबर
पाठीवरची साय निघून आली.

औषध त्याच रात्री बंद.
आणि चिकटपट्टी बंद. खाटेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय :
या बाळाला काहीही चिकटवायचं नाही.
सलाइनची सुईसुद्धा
मऊ पट्टीनं बांधलेली, राखीसारखी.

पानं धुऊन वाफेला लावते.
हिरवी आत जातात, शेवाळी होऊन निघतात,
आणि वॉर्डभर पानग्यांचा वास सुटतो.
मला भूक लागते. लाज वाटते.

बाहेर एप्रिल, आत हीटर :
कातडी नसलेल्याला थंडी वाजते.
दर दोन तासांनी डोळ्यांत मलम;
डोळ्यांचे डॉक्टर काचेची कांडी फिरवून
पापणी बुबुळापासून सोडवतात.
तेव्हा तो रडतो,
आवाज येतो, पाणी येत नाही.

मनीषा म्हणते, "मीच पाजलं.
झाकणानं मोजून, थेंब न सांडता."
कुणालाच आधी कळलं नसतं, असं मी सांगते.
सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या कंडक्टरकडं बघावं
तसं ती माझ्याकडं बघते.
मग विचारते, "याला धरू कुठं?"

नर्सिंगच्या तीन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.
मी पानाची दोन टोकं तिच्या हातात दिली,
दोन माझ्या.
पानासकट उचलला.
सहा किलो नऊशे, आणि ती म्हणाली, "हलका झालाय."

अकराव्या दिवशी पान कोरडं निघालं.
खाली गुलाबी, ओल्या शिंपल्यागत काहीतरी.
डाव्या डोळ्याचं अजून कुणी बोलत नाही.

कार्डावर लाल शाईत औषधाचं नाव,
पुन्हा कधीही नाही, दोनदा अधोरेखित.
"मला वाचता येत नाही सिस्टर. पाठ करून घ्या."
खाटेशी बसून आम्ही म्हणतो,
फे-नो-बार-बि-टोन.
पाचव्यांदा ती अडखळते,
पदर खोचते,
पहिल्यापासून सुरू करते.