तीन नंबरचा पंप

जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या मागं,
तीन नंबरच्या पंपानं दोनदा वेल्डिंग खाल्लं.
साहेब म्हणाले, क्लॅम्प वाढवा. आवळा.
आवळलं.
तिसऱ्यांदा पाइप उकलला तो थेट एल्बोपाशी.

मग दस्तगीर चाचा आले, कटर घेऊन.
“आवळून काय होतंय, लेकरा?
त्याला थरथरायला जागा दे की.”
वीतभर पाइप कापून काढला,
मधी बसवला रबरी बेलो,
समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे पिळत,
तान्ह्याच्या अंगड्याचे बंद बांधावेत तसे.

पंप सुरू.
रबर जरासं फुगलं, दम घेतल्यागत.
चाचांनी खिशातलं नाणं काढलं,
अलीकडच्या पाइपवर कडेवर उभं केलं.
पडलं.
पलीकडं ठेवलं.
उभं राहिलं. उभंच.

खडूनं त्यांनी रबरावर तारीख लिहिली.
“पाच वर्षांनी बदल. हे सगळं अंगावर घेतंय,
मग आतून चिरतंय. वरून दिसत नाही.”

ट्रायल संपली, चहा आला तेव्हा पंप बंद होता.
चाचांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला.
चहावर बारीक बारीक वलयं उठत होती,
काठापर्यंत जाऊन परत येत होती.