सामानासकट

काट्यावर उभ्या राहा, म्हणाला सेलविन,
सामानासकट.
सांतोच्या विमानतळावरचा तो वजनकाटा
आमच्या पार्सल-खिडकीतल्या काट्याचा थोरला भाऊ:
तोच उडालेला हिरवा रंग,
तशीच आकड्यापाशी येऊन घुटमळणारी सुई.
एकतीस वर्षं मी लोकांची पार्सलं तोलली,
आत काय आहे, विचारलं,
उत्तर पुरतं न ऐकता शिक्का मारला.
आज खांद्याला पर्स, हातात बॅग, मीच चढले.
ब्याण्णव!
रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, कुणी हसलं नाही.
पेन्सिलीनं वहीत उतरले मी,
केळ्यांच्या घडाखाली, पाद्रीबुवांच्या वर.

ऑफिसात म्हणायचे, बाईंचं वर वजन आहे,
बदली थांबवून आणतील.
नव्हतं.
दोनदा झाली.

विमान नऊचं. साडेअकरा झाले
तरी धावपट्टीवर कुत्रंच झोपलेलं,
आणि ते उठत नाही तोवर
कुणालाच घाई नव्हती.
शेजारी रोवोन. तिच्या पायाशी शिवणयंत्र,
हातानं फिरवायचं, चादरीत गुंडाळलेलं,
चाक तेवढं बाहेर,
झोपेत मुलाचा हात पांघरुणाबाहेर यावा तसं.

सेलविननं बेरीज केली. पुन्हा केली.
पायलटनं मान हलवली.
काहीतरी उतरवायला हवं होतं.
यंत्र चौदा किलो. माझी बॅग एकोणीस:
छत्री, रेनकोट, मेतकूट, तीन प्रकारची मलमं,
आणि न जाणो म्हणून घेतलेलं बाकी सगळं.
मला कुणी विचारलं नाही.
मी तरी कुणाला विचारलं होतं?
टपालगाडी भरली की कुठलं पार्सल उद्यावर
ते आम्हीच ठरवायचो,
चहा पिता पिता.

बाए इ काम, म्हणाला सेलविन.
मला ऐकू आलं: बाई, काम!
दचकून उठलेच.
रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी
पाय अजून खिडकीकडेच निघतात.
त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, येईल मागून.
कधी?
तो आभाळाकडे बघत राहिला.

मला पंखाच्या रेषेत बसवलं, तोल राहावा म्हणून.
मी कशाचा तरी तोल राखतेय,
हे ऐकून जरा ताठच बसले.
समोर पायलटची मान, मानेवर घामोळं.
अर्धा तास खाली एकच एक निळं,
मग प्रवाळाची कड लागली
आणि बादलीत नीळ टाकून
ती विरघळायच्या आतच कुणी हात काढून घ्यावा
तसं पाणी.
कॅमेरा बॅगेत. बॅग सांतोत.
नुसतंच बघितलं.

गौआला गवतावर उतरलो.
एक पोरगं सायकलवरून बकऱ्या हाकलत होतं
आणि मधेच विमानाला हात करत होतं.
पाद्रीबुवा उतरले.
त्यांच्या जागी लिंबांची पिशवी चढली, एकटीच;
तिला पट्टा बांधला.
एका म्हातारीनं खिडकीशी येऊन पायलटला निरोप सांगितला,
लांबलचक, दोनदा,
आणि त्यानं तो
पत्राची घडी खिशात ठेवावी तसा ठेवला.
ना तिकीट, ना शिक्का.

मोता लावा. दार उघडलं,
ओल्या गवताचा आणि इंधनाचा वास एकदमच आत आला.
लिंबं कुणीतरी नावानं मागून घेतली.
रोवोनचा नातू यंत्र हातगाडीवर ठेवून पुढे झाला.
मी मोकळ्या हातांनी उभी.
हातांचं काय करायचं असतं
ते आठवेना.

रोवोननं मला खालून वर पाहिलं,
उद्याचं लुगडं नाही हिच्याकडे, हे तिला कळलं असावं.
मग तिथेच, धावपट्टीच्या कडेला,
माझ्या पाठीवर वीत टाकली.
एक. दोन. अडीच.
खांद्यापासून खांद्यापर्यंत,
मग खाली, गुडघ्यांच्याही खाली.
तोंडातल्या तोंडात आकडे,
लिहिलं कुठेच नाही.

मागे इंजिन सुरू झालं, वारा आला,
विमान गेलं असणार.
मी वळून पाहिलं नाही.
हलू नको, असं तिनं
मघाशीच बोटानं सांगितलं होतं.