छाट

नाव दस्तगीर. बेगम पेठेत दुकान.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या आवाजाला वायर जोडतोय.
वक्ता स्टेजवर चढताना चप्पल कुठं काढतो
त्यावरून भाषण कळतं, असं मी पोरांना सांगायचो.
थापा सगळ्या.
थोडंफार कळतं ते असं:
'शेवटचे दोनच शब्द' म्हणणाऱ्याची अजून वीस मिनिटं असतात,
आणि आल्या आल्या माइकवर टिचकी मारणाऱ्याला
स्वतःलाच ऐकायचं असतं.

त्या दिवशी विडी घरकुलच्या मैदानात
संध्याकाळ झाली तरी एप्रिलचं ऊन उठायला तयार नव्हतं.
बायका सुपं घेऊनच आलेल्या.
ऐकता ऐकता पानं कापायची, रोजचा हजार तर भरायलाच हवा.
त्या कात्र्यांची कुरकुर
उंदरासारखी माझ्या माइकमध्ये शिरत होती.

आधी साहेब बोलले.
घाम, रक्त, मशाल. सगळे शब्द इस्त्रीचे.
त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी एको वाढवला,
'मशाल' पाण्याच्या टाकीवर आपटून
तीनदा परत आली.
टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्च्यांतून.
कात्र्या चालूच.

मग कुणीतरी अंबव्वा मेरगूला पुढं ढकललं.
ती माइकपासून दोन हात लांब,
भडकलेल्या स्टोव्हसमोर उभं राहावं तशी.
"जवळ या की ओ," म्हटलं, तर अजून मागं.
पदराआडून तिनं एक कट्टा काढला.
तिचं मराठी तेलुगूवर शिवलेलं, टाके दिसणारं:

"हजार वळते. कारखान्यात बघतात.
ऐंशी बाजूला काढतात. छाट, म्हणतात.
वाकडी, म्हणतात. बारीक, म्हणतात.
पैसे नाय. बरं. नाय तर नाय.
पण माझी विडी मला परत नाय देत.
वाकडी आहे तर वाकडी दे ना.
मी चुलीत घालते.
ती ऐंशी विडी... रोजची ऐंशी... ती..."

इथं तिला शब्द सापडेना.
हातातल्या कट्ट्याकडं बघत राहिली.
वक्ता अडला की बटण खाली घ्यायचं, ही माझी सवय.
बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं.
अँप्लिफायरची घूं घूं तेवढी ऐकू येत होती.

"एक्कड?" ती म्हणाली.
हळू. मिठाचा डबा कुठं ठेवलाय
असं सुनेला विचारावं, तसं.

"कुठं?" पुढून एकीनं शब्द पुरवला,
मदत म्हणून, बाकी काही नाही.
"एल्ली?" मागून, कानडीतून.
"किधर?"
हा मी होतो, मशीनमागून,
ज्यानं एकतीस वर्षांत सभेत तोंड उघडलं नव्हतं.

तेव्हा ध्यानात आलं, कुरकुर थांबलीय.

टाळी एकही नाही. कात्र्या हातातच होत्या.
एक म्हातारी उठली, मांडीवरची पानं सांडली,
तिनं ती गोळा केली नाहीत.
मग तिच्या शेजारची उठली.
ऐंशीचे पैसे पुढं मिळाले का, मला माहीत नाही.
माझं भाडं मिळालं, पन्नास रुपये कमी.

पुढच्या वर्षी साहेबांनी तो शब्द घेतला.
हात वर करून म्हणाले, "एक्कड?"
आणि तीन सेकंद थांबले. तेवढ्यापुरता एको बंद करायचा,
हे मला आधीच सांगून ठेवलेलं.
खोटं कशाला बोलू, टाळ्या चांगल्या वाजल्या.
उत्तर कुणी दिलं नाही.

अंबव्वा त्या दिवशी उतरताना माझ्यापाशी थांबली होती.
"भैय्या, माझं नीट गेलं का वायरीतनं?"
गेलं, म्हणालो.
कट्टा तिनं पुन्हा पदराआड ठेवला,
मोजून.

सभेआधी रिकाम्या खुर्च्यांपुढं मी अजून तेच म्हणतो:
हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.
हल्ली तीननंतर
जरा थांबतो.