रुमालाखालचा आकडा

बैठक अकराची. मिरजेच्या पखाली मॅडम साडेदहालाच हजर,
तासगावच्या मगदूम सरांची एसटी चुकली, ते पावणेबाराला,
इस्लामपूरच्या आरवाडे बाईंनी येताना भडंग आणलेलं.
विश्रामबागेत, आमच्या ग्रंथालयातल्या नियतकालिकांच्या टेबलावर
चार कॉलेजं, चार बजेटं,
आणि राज्यशास्त्रासाठी एकच डेटाबेस, सामाईक.
घ्यायचा तर कुठला?

कंपनीचा मुलगा पुण्याहून आलेला. पडद्यावर दाखवत होता
अडीच हजार जर्नलं, बोलिव्हियातल्या निवडणुका,
स्वीडनमधल्या नगरपालिका, शंभर वर्षांचे जुने अंक.
पखाली मॅडमनी चष्मा पुसला, म्हणाल्या,
"जत तालुका काढा बरं."
त्यानं रोमन लिपीत टाइप केलं
तर हरयाणातले जाट आले, आरक्षणासकट.
देवनागरीत टाकलं तर
शून्य निकाल.
"पुढच्या व्हर्जनला येईल, मॅडम."

चाचणीचा महिना होता, नोंदी माझ्याकडे.
एकशे बारा लॉगिन,
त्यातले एक्क्याऐंशी एकट्या रेश्मा ऐवळेचे.
कवठेमहांकाळकडची पोरगी, सव्वापाचची गाडी धरणारी.
गावात पाणीवाटपावर ग्रामसभा बसते
तेव्हा बोलतं कोण, हा तिचा विषय.
तिला तिथं तिचा तालुका सापडला नाही.
केनियातल्या एका गावसभेवरचा लेख सापडला,
तो तिनं शब्दकोश मांडीवर घेऊन चार दिवस वाचला
आणि काउंटरवर येऊन मला हळूच सांगितलं,
"मॅडम, तिथंपण बायका दाराजवळच बसतात."
म्हणून मी बोलिव्हियाला हसले नाही.

मग पाकिटं निघाली.
प्रत्येक कॉलेजला वेगळं, बंद, नाव घातलेलं.
कलम चौदा: दर दुसऱ्या संस्थेला कळवू नये.

माझे वडील मार्केट यार्डात हळदीचे तोलाईदार.
त्यांच्या उमेदीत सौदा हत्त्यावर व्हायचा,
अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालायचे,
बोटं दाबायची, सोडायची, भाव ठरायचा,
आणि ज्याची हळद तो बाजूला उभा,
रुमालाकडं बघत, पडदा उघडायची वाट बघावी तसा.
वडील म्हणायचे, रुमालाकडं काय बघतीस,
कोपराकडं बघ.
भाव चढला की कोपर हलतं.

आम्ही चौघं ग्रंथपाल, राज्यशास्त्र शिकलेले दोघे,
गुप्त मतदान आणि गुप्त दर यातला फरक
पोरांना परीक्षेत विचारू शकणारे,
आपापल्या पाकिटावर हात झाकून बसलो होतो.
मगदूम सरांचं कोपर हललं.

का ते ठाऊक नाही, मी माझा आकडा मोठ्यानं वाचला.
तीन लाख चाळीस हजार.
पंखा फिरत राहिला. आरवाडे बाईंच्या दाताखाली
भडंगातला एक शेंगदाणा फुटला, तेवढाच आवाज.
मग त्याच म्हणाल्या, "आम्हाला चार दहा."
पखाली मॅडम: "दोन नव्वद."
मगदूम सर बराच वेळ पाकिटाची कड दुमडत होते.
"पाच," म्हणाले.
"राज्यशास्त्राला माझ्याकडं सतराच पोरं आहेत."

मुलगा फोन घेऊन गॅलरीत गेला.
एकत्र घेतलं तर केवढ्याला, हे पुण्याला विचारायला.

तोवर मी ड्रॉवरमधून कॅरीबॅग काढली,
रेश्मानं नऊ गावांतून झेरॉक्स करून आणलेली इतिवृत्तं,
अंगठे, सह्या, चहाचे डाग,
"महिला सदस्य उपस्थित होत्या" एवढ्या एका ओळीत
उरकलेल्या बायका.
"आधी हे स्कॅन करू," मी म्हटलं, "आपल्याच पैशात."
मगदूम सरांना पटलं. पखाली मॅडमना पटलं.
मग प्रवेश क्रमांक कुठल्या कॉलेजच्या रजिस्टरात पडायचा
यावर आमचं चौघांचं कडाक्याचं भांडण झालं,
भडंग संपेपर्यंत.

काचेपलीकडं तो पाठमोरा बोलत होता.
त्याचं कोपर
हलत होतं.