रिकाम्या खोलीचा एक मिनिट

सुव्हातल्या या स्टुडिओत चौदा वर्षं
मी वायरी गुंडाळतोय.
एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही.
हे कुठल्या प्रशिक्षणात नाही शिकलो,
मामाने शिकवलं, जाळं आवरताना.

प्रशिक्षणं मोसमाने येतात.
बॅनर येतो, गळ्यातल्या पट्ट्या येतात,
‘प्रादेशिक सहकार्य’ हे शब्द ठळक अक्षरांत,
शेवटच्या दिवशी जिन्यावर फोटो,
उंच माणसं मागे.
एका देशाने मिक्सर दिला,
त्याची माहितीपुस्तिका त्याच देशाच्या लिपीत,
प्लगच्या पिना तिसऱ्याच भिंतीच्या.
जुळवायचं काम माझं.
आणि लिंबाच्या पानांचा चहा.

त्या वर्षी क्वालालंपूरहून रोस्नानीबाई आल्या.
पहिल्याच तासाला म्हणाल्या, बोलू नका.
जा, रिकाम्या खोलीचा एक मिनिट पकडून आणा.
खोली गप्प असते तेव्हाही काहीतरी बोलत असते,
कापलेल्या दोन वाक्यांमध्ये तेच अंथरायचं,
नाहीतर सांधा ऐकू येतो.

टोंगाच्या लोसालिनेने चर्च आणलं,
बाकांचं लाकूड आळस देत होतं.
वानुआतूच्या काल्साऊने माझी चहाची खोली आणली,
म्हणजे माझा फ्रिज,
दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा.
किरिबातीच्या ब्वेरेने घरून आणलेलं कार्ड लावलं
आणि त्यात समुद्र होता.

हा तर गोंगाट, बाई म्हणाल्या.
ब्वेरेने टेबलाच्या दोन कडांवर हात ठेवले.
आमचं बेट एवढंच.
इकडे तो, तिकडेही तोच.
त्याच्याशिवायची खोली आमच्याकडे नाही, बाई.

बाईंनी हेडफोन काढला नाही.
मिनिट संपला तेव्हा म्हणाल्या, पुन्हा लाव.
आणि वहीतलं काहीतरी खोडलं.

दुपारी जेवणाच्या टेबलावर
काल्साऊ लोसालिनेला बिस्लामा शिकवायचा:
आकडे, शिव्या, भाजीचा भाव, हवामान.
ती कागदी रुमालावर टिपून घ्यायची.
तो रुमाल कुठल्याही अहवालात नाही.

मार्चात वादळ वानुआतूकडे वळलं.
काल्साऊचा मनोरा आडवा झाला.
फोन तुटण्याआधी त्याचे दोनच शब्द आले:
तुम्ही वाचा.

वाचायचं कोणी? आमच्याकडे बिस्लामा येणारा
त्या रात्री एकही नव्हता.
लोसालिने नुकुअलोफातून लाइनवर आली,
तो रुमाल तिने जपून ठेवला होता.
हरिकेन इ स्टाप काम, तिने वाचलं,
रविवारी चर्चमध्ये सूचना वाचतात तशा सुरात,
शेवटचा स्वर लांबवून, जणू पुढे वर्गणीची रक्कम येणार.
मी तिचा आवाज लघुलहरींवर चढवला.

पण लाइन मध्येच जायची.
लघुलहरींवर शांतता म्हणजे केंद्र मेलं,
माणूस बटण फिरवतो, दुसरीकडे जातो.
हातातल्या कार्डावर तीन मिनिटं होती.
समुद्र लावावासा वाटला नाही, त्या रात्री नाही.
फ्रिज लावला.
तिच्या दोन वाक्यांमध्ये माझी चहाची खोली अंथरत
पहाटेपर्यंत बसलो.

नंतर कळलं,
डोंगरातल्या एका गुहेत काल्साऊची आई होती,
शेजारीपाजारी, दोन डुकरं, एक ट्रान्झिस्टर.
त्या उच्चारांवर सगळे पोट धरून हसले.
हसता हसता खालच्या घरांतली मुलं उचलून
वर घेऊन आले.

पत्रकं निघाली. एका पत्रकात
‘प्रशिक्षणाचं यश’ असं होतं. असेल.

आठ दिवसांनी काल्साऊचा फोन आला.
आभार वगैरे काही नाही.
आधी नुसता श्वास,
मग म्हणाला, सकिउसा,
तो फ्रिज
अजून दुरुस्त नाही केलास?