ड्रम्स, कोरडे, खोलीतले, शहाऐंशी

फाइलचं नाव एवढंच.
नऊ पौंड नव्व्याण्णवला चारशे तुकडे,
त्यातला हा एकशे बारावा.
शेफील्डमध्ये साडेचारलाच अंधार,
खालच्या दुकानाचं शटर अर्ध्यात अडकलेलं.
पूर्वी तिथे सुऱ्यांना धार लावत, म्हणे;
आता फोनच्या काचा बदलून मिळतात.
रात्रपाळीला अजून तीन तास.
मी तुकडा ओढून आणते, पट्टीवर सोडते,
शेपटी धरून उजवीकडे ताणते:
एकाचे आठ, आठाचे चौसष्ट.
इतक्या सहज माझ्या आयुष्यात
दुसरं काही वाढलेलं नाही.

भिंतीपलीकडचा कीरन म्हणतो, हे विकतचं.
तो स्वतः ट्रामच्या रुळांचा आवाज धरायला
मीडोहॉलजवळच्या पुलाखाली पहाटे उभा राहतो.
एका धप्‌साठी त्याने तीन आठवडे
ओल्या पुठ्ठ्याला लाथा घातल्या.
चोरी नाही म्हणत मी, तो म्हणतो,
पण तुझं यात काय?

मी म्हटलं, दही कसं लावतात ठाऊक आहे?
त्याला वाटलं, विषय बदलते आहे.
इथे आले त्या पहिल्या आठवड्यात
डायलिसिस वॉर्डातल्या नसरीनने
औषधाच्या बाटलीतून चमचाभर विरजण दिलं.
तिला ते नणंदेने ब्रॅडफर्डहून दिलेलं,
नणंदेला कुणी, ते कुणी विचारलं नाही.
दूध माझं होतं. थंडी इथली होती.
दोन दिवस लागलंच नाही;
मग बॉयलरच्या कपाटात
जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलं, तेव्हा लागलं.
आंबट झालं, ती गोष्ट वेगळी.

गेल्या महिन्यात बसस्टॉपसमोरच्या दुकानात
गाद्यांच्या जाहिरातीखाली तोच वाजत होता,
एकशे बारावा.
आधी चोरी पकडली गेल्यासारखं झालं,
मग गावचं माणूस भेटल्यासारखं.

हेडफोन लावून ऐकलं तर
चौथ्या फेरीच्या शेवटी, समेच्या किंचित आधी,
एक खुर्ची करकरते
आणि कुणीतरी नाकाने श्वास घेतं.
सॉफ्टवेअर विचारतं:
नको असलेला आवाज काढू का?

मिरजेला विनूमामा लेहरा धरायचा.
तबल्याच्या क्लासात, संध्याकाळी सहा ते नऊ,
चंद्रकंस, सोळा मात्रा, त्याच सोळा.
पोरं कायदे घोकायची, तिहाया चुकवायची,
गुरुजी पोरांवर ओरडायचे.
मामावर ओरडण्यासारखं काही नव्हतंच.
त्याचा एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर,
म्हणून चहा मी पाजायचे.
खालीच्या मात्रेला बशी ओठांशी न्यायची,
डोकं आपसूक पुढे यायचं, हात चालूच.
तीन तासांत लोक त्याच्याकडे
एकदाच वळून बघायचे:
तो थांबला की.
गुरुपौर्णिमेच्या छापील पत्रिकेत
मांडववाल्याचं नाव असायचं.

नको काढू, असं मी दाबते.

त्यावर मी काय रचलंय? फार नाही.
वॉर्डातल्या मशीनची टिकटिक, निम्म्या वेगाने,
आणि एक सूर, जो गुरुवारपासून ठरत नाहीये.
श्रेयाच्या चौकटीत माझं नाव आहे.
त्याखाली एक ओळ रिकामी,
कर्सर लुकलुकत राहतो.
कुणाचं लिहू, खुर्चीचं?

तुकडा फिरतो. सातव्यांदा, अठराव्यांदा.
श्वास येतो तिथे
माझा हात कपासकट थोडा पुढे जातो,
स्पीकरकडे.
कीरन भिंतीवर ठोकतो,
नेहमीसारखा, ठेक्याच्या जरा मागे.